जॅकपॉट लावायचाय पण खिशात पाचशेच आहेत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुंबईत महालक्ष्मीचा रेसचा सीझन नोव्हेंबरला सुरू झाला की या सदराकडे रेसचे प्रश्न वाढतात, आणि पावसाळ्यात पुण्याचा सीझन असतो तेव्हाही थोड्याफार फरकाने तेच प्रश्न येतात. यावेळी बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर आहेत: पैसे थोडे, लेग जास्त, तर तिकीट बांधायचं कसं. जॅकपॉट म्हणजे पाच रेसचे विजेते आधीच सांगायचे, त्यातली प्रत्येक रेस म्हणजे एक लेग, आणि प्रत्येक लेगचा एकेक घोडा धरून होणारा संच म्हणजे एक कॉम्बिनेशन. कोणता घोडा येणार हे इथे कोणी विचारू नका, ते मी सांगत नाही. हिशोबाला सगळीकडे एका कॉम्बिनेशनचे १० रुपये धरलेत, काउंटरवर टॅक्ससकट जेवढ्याला पडेल तेवढं तुम्ही त्यात घालून घ्या.

प्रश्न: मी दर रेसच्या दिवशी जास्तीत जास्त ५०० रुपये घेऊन जातो. जॅकपॉटच्या पाचही लेगमध्ये दोन-दोन घोडे घेतो, ३२० रुपये होतात. तीन लेग नेहमी लागतात, कधी चार, पण पाच काही लागत नाहीत. बजेट वाढवल्याशिवाय काही करता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

करता येईल दादा, आणि बजेट अजिबात वाढवू नका. अडचण पैशात नाहीये, अडचण त्या "दोन-दोन" मध्ये आहे. पाचही रेस सारख्याच अवघड असत्या तर दोन-दोन ठीक होतं, पण तशा त्या कधीच नसतात. एका रेसमध्ये सहा घोडे पळतात आणि त्यातला एक उघडउघड वरचा असतो, पुढची रेस क्लास फाइव्हची हँडिकॅप, तेरा-चौदा घोडे, वजनं लावून सगळ्यांना जवळजवळ आणलेलं, तिथे कोणीही येऊ शकतो. तुम्ही दोन्हीकडे दोनच घोडे घेताय, म्हणजे सोप्या रेसमध्ये गरजेपेक्षा जास्त खर्च होतोय आणि अवघड रेसमध्ये गरजेपेक्षा कमी.

आकडे मांडून बघू. समजा तीन सोप्या लेगमध्ये तुमच्या दोन घोड्यांपैकी एक येण्याचा चान्स ७० टक्के आहे आणि दोन अवघड लेगमध्ये ३५ टक्केच. पाचही लागायचा चान्स काढायचा तर हे सगळे एकमेकांनी गुणायचे, ०.७ तीनदा आणि ०.३५ दोनदा, उत्तर येतं साधारण ४.२ टक्के, म्हणजे चोवीस वेळा लावलं तर एकदा. आता त्याच ३२० रुपयांत वेगळं करू. दोन सोप्या लेगमध्ये एकेकच घोडा घ्या, तिथला चान्स ७० वरून ५५ वर उतरला असं धरू. तिसऱ्या सोप्या लेगमध्ये दोनच राहू द्या. आणि वाचलेले पैसे दोन्ही अवघड लेगमध्ये टाका, तिथे चार-चार घोडे, चान्स ३५ वरून ५५ वर. कॉम्बिनेशन किती झाली? १ × १ × २ × ४ × ४ म्हणजे परत ३२, परत ३२० रुपयेच. आणि चान्स झाला ६.४ टक्के, म्हणजे चोवीसाच्या जागी सोळात एकदा. एक रुपया जास्त न घालता दीडपट. माझे टक्के अंदाजाचे आहेत, तुमच्या रेसबुकाप्रमाणे ते बदलतील, पण दिशा हीच राहते.

यात अजून एक फायदा आहे जो टक्क्यात दिसत नाही. टोटमध्ये, म्हणजे क्लबच्या सामायिक पूलमध्ये, सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा जातो, उरलेलं बरोबर आलेल्या तिकिटांमध्ये वाटलं जातं. म्हणजे तुम्ही जिंकलात तर किती मिळणार हे तुमच्यासोबत अजून किती जण जिंकले यावर ठरतं. पाचही फेवरिट, म्हणजे लोकांनी सगळ्यात जास्त पैसे लावलेले घोडे, आले तर अर्ध्या स्टँडकडे ते तिकीट असतं आणि डिव्हिडंड, म्हणजे एका तिकिटाला मिळणारी रक्कम, बघून वाईट वाटतं. अवघड लेगमध्ये तिसऱ्या-चौथ्या नंबरचा, ज्याच्यावर फार कोणाचं लक्ष नाही असा घोडा आला तर तिथे बरीच तिकीटं गळतात आणि तुमचं उरतं. मोठा डिव्हिडंड अशाच दिवशी होतो, आणि दोन-दोन वाला माणूस नेमका त्याच दिवशी बाहेर पडलेला असतो.

आणि हे पाठच करून ठेवा: जिथे एकच घोडा घेतलाय तिथे दुसरा घातला की तिकीट सरळ डबल होतं, २४० चं ४८०. जिथे चार आहेत तिथे पाचवा घातला तर २४० चं ३०० होतं. त्यामुळे शेवटच्या क्षणी मनात धाकधूक होऊन "हा पण घालतो" म्हणाल तर तो घोडा कुठल्या लेगमध्ये घालताय ते आधी बघा.

प्रश्न: एकटा घोडा, म्हणजे बँकर, कोणता धरायचा? मी सगळ्यात कमी भावाचा धरतो आणि तोच मार खातो. (एक वाचक, सातारा)

कमी भाव हे काही कारण नाही हो, तो फक्त लोकांचा कल आहे. फेवरिट साधारण तीनातून एकदा जिंकतो, आणि मग तीनातून दोनदा हरतो हे पण तितकंच खरं. बँकर धरायचा तर त्याच्यासाठी दोन-तीन कारणं हातात पाहिजेत जी एकमेकांवर अवलंबून नाहीत. घोडा वरच्या क्लासमधून उतरून खालच्या क्लासमध्ये आलाय का? याच अंतरावर आधी पळून दाखवलंय का? फील्ड लहान आहे का, म्हणजे घोडे कमी पळतायत का? गेल्या वेळी हरला तर का हरला, आत कोंडला गेला होता की दमच संपला होता? आणि सकाळची ट्रॅकवर्क वाचा, पेपरात येते, रेसबुकवाले पण छापतात. "६००/३८, ईझी" असं लिहिलेलं असेल तर घोडा न ढकलता ६०० मीटर ३८ सेकंदांत आलाय, आणि तोच ३८ "प्रेस्ड" असेल तर जॉकीला त्याच्याकडून काढून घ्यावा लागलाय, आकडा सारखा पण घोडा वेगळा. मॉक रेसचे, म्हणजे सरावाच्या रेसचे, रिझल्ट पण असेच बघायचे, पहिला कोण आला यापेक्षा कोण मागे धरून ठेवला होता हे जास्त महत्त्वाचं.

कुठे बँकर धरू नये तेही सांगतो. पहिल्यांदाच पळणाऱ्या पोरांची रेस असेल तिथे नाही, मग पेडिग्री कितीही मोठी असो. मोठ्या फील्डच्या हँडिकॅपमध्ये टॉप वेट, म्हणजे सगळ्यात जास्त वजन, घेऊन पळणारा असेल तिथे नाही. पुण्यात पावसाने ट्रॅक बदललाय आणि घोड्याचं सगळं रेकॉर्ड महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवरचं आहे, तिथेही नाही. क्लब पेनेट्रोमीटरचं रीडिंग, म्हणजे ट्रॅक किती मऊ-कडक आहे त्याचा आकडा, जाहीर करतो ते बघायची सवय लावा, बरेच जण ढुंकूनही बघत नाहीत.

अजून एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. जॅकपॉट पहिल्या लेगच्या आधी बंद होतो. म्हणजे पॅडॉकमध्ये, रेसच्या आधी घोडे फिरवतात तिथे, घोडा डोळ्याने बघून, भाव कसा हलतोय ते बघून ठरवायची संधी तुम्हाला फक्त पहिल्या लेगमध्ये मिळते. बाकी चार रेस तुम्ही कागदावरच लावताय, पाचवी रेस पळेपर्यंत दोन तास गेलेले असतात, कधी पाऊस येऊन गेलेला असतो. म्हणून दोन लेग सारखेच वाटत असतील आणि एकात बँकर धरायचा असेल तर मी पहिल्या लेगमध्ये धरेन, आणि शेवटच्या लेगला जास्त घोडे ठेवेन.

प्रश्न: एका मित्राने सांगितलं की एक मोठं तिकीट काढण्यापेक्षा चार-पाच लहान तिकीटं काढावीत. त्याने काय फरक पडतो? शेवटी घोडे तेच ना? (एक वाचक, नाशिक)

घोडे तेच, पण पैसे खूप वेगळे. तुमचा मित्र बरोबर सांगतोय, आणि थोडक्या पैशात जॅकपॉट खेळणाऱ्याला याच्याइतकी उपयोगी दुसरी पद्धत मला माहीत नाही, त्यामुळे सविस्तरच सांगतो.

प्रत्येक लेगमध्ये घोड्यांचे दोन गट करा. पहिला गट म्हणजे जे येतील असं तुम्हाला खरंच वाटतं. दुसरा गट म्हणजे जे आले तर आश्चर्य वाटणार नाही पण तुमची पहिली पसंती नाहीत. समजा पहिल्या गटात पाच लेगमध्ये अनुक्रमे १, १, २, २, २ घोडे आहेत, आणि दुसऱ्या गटात २, २, १, २, २. सगळे एकाच तिकिटात कोंबले तर ३ × ३ × ३ × ४ × ४, म्हणजे ४३२ कॉम्बिनेशन, ४,३२० रुपये. झेपणारं नाही. आणि ते पैसे जातात कशात? त्यातली बरीच कॉम्बिनेशन अशी आहेत की दोन किंवा जास्त लेगमध्ये तुमच्या दुसऱ्या गटाच्या घोड्यांनी यायला हवं. असं होईल असं तुम्हाला स्वतःलाच वाटत नाहीये, तरी त्याचे पैसे भरताय.

त्याऐवजी पहिलं तिकीट फक्त पहिल्या गटाचं काढा, १ × १ × २ × २ × २, आठ कॉम्बिनेशन, ८० रुपये. मग दुसरं तिकीट काढा ज्यात फक्त पहिल्या लेगला दुसऱ्या गटाचे दोन घोडे आणि बाकी सगळीकडे पहिला गटच, ते होतं १६० चं. तिसऱ्या तिकिटात तसंच दुसऱ्या लेगला, परत १६०. चौथ्यात तिसऱ्या लेगला दुसऱ्या गटाचा एकच घोडा, ४० रुपये. मग चौथ्या लेगचं ८० आणि पाचव्याचं ८०. बेरीज करा, ६०० रुपये. ४,३२० च्या जागी ६००, आणि पाचातल्या कुठल्याही एका लेगमध्ये तुमचा अंदाज एक पायरी चुकला तरी तुम्ही जिवंत. दोन लेगमध्ये दुसऱ्या गटाचे घोडे आले तर मात्र गेलं, ते मान्य करूनच खेळायचं.

५०० च्या आत बसवायचं असेल तर ज्या बँकरवर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याचं बॅकअप तिकीट काढूच नका, १६० वाचले, ४४० मध्ये काम झालं. तिकीटं घरूनच कागदावर लिहून न्या, नंबर आणि लेग नीट मांडून, कारण खिडकीवर मागे रांग ओरडत असते आणि तिथे डोक्यात हिशोब होत नाही. हातात पडल्यावर तिथेच बाजूला उभं राहून प्रत्येक तिकीट कागदाशी ताडून बघा.

प्रश्न: मी रिटायर्ड आहे, पुण्यात सीझनला महिन्यातून एखाद-दोन वेळा जातो, २५०-३०० रुपयांच्या वर खेळत नाही. मला जॅकपॉट बरा की ट्रेबल? (एक वाचक, कोथरूड)

काका, ट्रेबल, म्हणजे तीनच लेगचं तिकीट. यात मला काही शंकाच वाटत नाही. प्रत्येक लेगमध्ये ६० टक्के चान्स धरला तर तीन लेग लागायचा चान्स साडेएकवीस टक्के येतो, साधारण पाचात एकदा. त्याच पद्धतीने पाच लेग केले तर पावणेआठ टक्के, तेरात एकदा. तुम्ही सीझनमध्ये मोजून थोड्या वेळा जाताय, तर जॅकपॉटची वाट बघता बघता सीझन संपेल. ट्रेबलमध्ये १ × ४ × ५ केलं तर २० कॉम्बिनेशन, २०० रुपये, आणि दोन रेसमध्ये तुमच्याकडे भरपूर घोडे असतात, बघायलाही मजा येते. डिव्हिडंड लहान असतो हे खरं. पण तीनशे रुपयांत पाच लेग ताणायचे म्हणजे सगळीकडे हात आखडता घ्यावा लागतो.

जॅकपॉटमध्ये ७० टक्के रक्कम पाचही बरोबर असणाऱ्यांना जाते आणि ३० टक्के त्याखालोखालच्या तिकिटांना कन्सोलेशन म्हणून, ते तुम्हाला माहीत असेलच. पण त्या ३० टक्क्यांवर भरवसा ठेवून तिकीट बांधू नका, ती तिकीटं बरीच असतात आणि वाटणी बारीक होते.

जॅकपॉट एखाद्या दिवशी मात्र जरूर खेळा, जेव्हा आधीच्या दिवशी कोणालाच लागला नाही आणि रक्कम पुढे आली असेल तेव्हा. त्या पूलमध्ये आधी हरलेल्यांचे पैसे पडलेले असतात, तेवढ्याच तिकिटाला जास्त मिळण्याची शक्यता असते. तसाच इंडियन डर्बीचा दिवस, फेब्रुवारीतला पहिला रविवार, तेव्हा वर्षातून एकदाच येणारे लोक नाव बघून, रंग बघून पैसे लावतात. अभ्यास करणाऱ्याला तो दिवस चांगला.

प्रश्न: आम्ही ऑफिसमधले चौघे मिळून पैसे काढतो, प्रत्येकी ३००. गेल्या वेळी थोडं लागलं तर वाटणीवरून वाद झाला. काय नियम ठेवावेत? (एक वाचक, ठाणे)

चौघांनी मिळून खेळणं उत्तम, १,२०० मध्ये तिकीट खरंच दमदार बनतं, वर सांगितलेली दोन गटांची पद्धत सुपर जॅकपॉटच्या सहा लेगलाही बसवता येते. पण घोडे कोणी ठरवायचे ते आधी ठरवा. चौघांचा एकेक लाडका घोडा घातला की तिकिटाला ना धड बँकर राहतो ना धड फैलाव, प्रत्येकाचं मन राखण्यात पैसे जातात. एका दिवशी एकानेच बांधायचं, बाकीच्यांनी फार तर एक घोडा सुचवायचा. पहिली रेस सुटायच्या आधी तिकिटांचे फोटो ग्रुपवर टाकायचे आणि कोणाचे किती पैसे ते तिथेच लिहायचं, नंतर नाही. आणि ज्याने त्या दिवशीचे पैसे दिले नाहीत तो त्या दिवशी वाटेकरी नाही, मग तो कितीही जुना मित्र असला तरी.

टॅक्सचं पण बोलून घ्या. एका वेळची जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के टीडीएस कापला जातो, आणि तो ज्याच्या पॅनवर पैसे घेतले त्याच्या नावाने दिसतो. हरलेल्या तिकिटांचे पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. त्यामुळे वाटणी हातात आलेल्या रकमेची करायची, बोर्डावर दिसलेल्या डिव्हिडंडची नाही. वाद बहुतेक वेळा इथेच होतो. शिवाय लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहेच, आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, म्हणून सांगतोय की लहान लहान तिकीटं दिवसभर फाडत बसू नका, एकच दोन पूल निवडा.

आणि तुमच्यातला एक जण "बाहेरच्या बुकीकडे टॅक्स नाही" म्हणतो असं तुम्ही लिहिलंय, त्याला स्पष्ट नाही म्हणा. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ मानलं, पण ते संरक्षण गल्लीतल्या फोनवाल्या बुकीला मिळत नाही. तो गुन्हा आहे, आणि मोठा डिव्हिडंड लागला की फोन बंद झाला तर तुम्ही तक्रार कोणाकडे करणार?

प्रश्न: माझे मिस्टर पूर्वी ५०० घेऊन जायचे, आता आधीचे गेलेले भरून काढायला म्हणून दोन-तीन हजार नेतात, एकदा माझ्या भावाकडून उसने घेतले. त्यांना नीट खेळायला शिकवाल का? (एक वाचक भगिनी, पनवेल)

ताई, तुमचा प्रश्न वाचून काळजी वाटली, आणि मी त्यांना शिकवणार नाही. वर जे सगळं लिहिलंय ते ठरलेल्या पाचशे रुपयांत चांगला दिवस घालवणाऱ्यासाठी आहे. गेलेले पैसे वसूल करायला माणूस तिकीट काढतो तेव्हा कुठलीच पद्धत चालत नाही, कारण तेव्हा तो घोडा बघत नसतो, आकडा बघत असतो. टोटमधून क्लबचा वाटा आणि टॅक्स आधीच बाहेर पडतो, त्यामुळे सगळे पंटर, म्हणजे पैसे लावणारे, मिळून नेहमी तोट्यातच असतात, त्या तोट्याला उसने पैसे जोडायचे नाहीत. भावाला सांगून ठेवा की पुन्हा उसने द्यायचे नाहीत, आणि हे घरात कोणी रागावून नाही, शांतपणे सांगा. पगाराचं खातं आणि घरखर्च तुमच्या हातात राहील असं बघा. आणि त्यांना स्वतःला थांबता येत नसेल तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः सुद्धा फोन करू शकता. मला परत लिहा, नक्की लिहा.

प्रश्न: चार लेग लागले, शेवटच्या लेगला माझे दोन घोडे आहेत, पण तिसराच एक घोडा जोरात दिसतोय. काही करता येतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

येतं. त्या तिसऱ्या घोड्यावर विन पूलमध्ये, म्हणजे फक्त तो पहिला येण्यावर, थोडे पैसे लावा, एवढे की तो आला तर तुमचा दिवसाचा खर्च तरी निघेल. आता तुम्ही पॅडॉकमध्ये घोडा बघू शकता, भाव बघू शकता, जॅकपॉट लावताना यातलं काहीच नव्हतं, मग मिळालेली माहिती वापरायची. पण दोन-तीन घोड्यांवर असं लावत सुटू नका, नाहीतर जॅकपॉट लागूनही त्यातले पैसे इकडेच खपतील. आणि हे करायला खिशात काहीतरी उरलेलं पाहिजे, म्हणून ५०० नेले असतील तर ४०० ची तिकीटं काढा आणि १०० शेवटच्या रेसपर्यंत हात न लावता ठेवा.